जहागीर गेली, घरं राहिली

बेंगळुरूच्या मराठी माणसाचा इतिहास सहसा शहाजीराजांच्या जहागिरीपाशी सुरू होतो आणि तिच्याबरोबरच संपवला जातो. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून हे गाव जिंकलं आणि ते शहाजींकडे आलं. १६८७ मध्ये मोगलांनी ते शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडून हिसकावलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी तीन लाख रुपये मोजून ताब्यात घेतलं. पन्नासेक वर्षांचा अंमल, तोही आदिलशाही चाकरीतला, मागे काय ठेवणार, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाचा १६६९ चा शिलालेख वेगळी साक्ष देतो. व्यंकोजींनी मल्लापुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे अख्खं गाव इनाम दिल्याची त्यात नोंद आहे. मुलूखगिरीवर आलेला सरदार स्थानिक देवाच्या पूजेची अशी कायमची तजवीज करत नाही. एका लेखावरून सामान्यांची वस्ती सिद्ध होत नाही, हेही खरं. आजची सगळी मराठी घरं काही शहाजींच्या फौजेतून आलेली नाहीत. तरीही ती इथे आहेत: १९५० मध्ये इथल्याच मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड बसमध्ये कंडक्टर होते, पुढे रजनीकांत झाले. घरात मराठी, बाहेर कानडी असा संसार टिकायला राज्य लागत नाही. कामधंदा आणि शेजार पुरतो.