खेळाच्या सुटीतील गुरुजन

शाळेतील दांडगाई ही आजची गोष्ट नव्हे. संत जॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीवर छोटेखानी निबंध लिहिला. अपराध घडल्यावर शिक्षा करणाऱ्या शिस्तीऐवजी त्यांनी विवेक, धर्म आणि ममता यांचा आधार घेतला. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे १० मे १८८४ चे, रोमहून धाडलेले पत्र. तुरिन येथील आपल्या वसतिगृहात सुटीच्या वेळी गुरुजन मुलांत मिसळत नाहीत, आपसांतच बोलत फिरतात. मुले उदास, कोपऱ्यांत कुजबुजणारी झाली आहेत, ही व्यथा त्यात आहे. उपायही तोच : गुरुजनांनी पुन्हा मैदानावर यावे. १९२८ साली सालेशियन मुंबईत आले, तेव्हा हाच वारसा घेऊन आले.

आपल्या वसईत एखाद्या मुलाच्या कादोडी बोलीची नक्कल होते, ती शिक्षकांदेखत थोडीच! महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात मानसिक इजा करणारे चिडवणेही येते. लेखी तक्रार येताच संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करावयाची असते; हयगय केल्यास अपराधाला साहाय्य केल्याचा ठपका त्यांच्यावरही येतो. अशी तक्रार विद्यार्थ्यानेच द्यावी असे नाही. पालक वा शिक्षकही ती देऊ शकतात.