धावणाऱ्यांच्या अंगावरचे कापड : दौलताबाद ते छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगरात घामाचे दोन ऋतू असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरच्या या पठारी शहरात एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. पण तेव्हा हवा कोरडी असते आणि घाम फुटताच उडून जातो. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की तापमान उतरते, हवेत ओल भरते आणि तोच घाम अंगावरून ओघळू लागतो. एक लिटर घाम वाफ होऊन गेला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तो नुसताच टपकला तर शरीरातले पाणी जाते, उष्णता मात्र तिथेच राहते. म्हणून उन्हाळी कपड्याचे मुख्य काम म्हणजे घाम त्वचेवरून उचलायचा आणि वाऱ्याच्या हवाली करायचा. या भागातल्या विणकरांनी आणि शिंप्यांनी ते काम वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीने साधले.

पहिला उपाय तलमपणाचा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून भडोच बंदराकडे जात असे. मलमलीत सूत बारीक आणि वीण विरळ असते. त्यामुळे ओलावा धरून ठेवायला कापडात फारसे काही उरत नाही आणि वारा आरपार जातो. पाचव्या शतकातल्या, वाकाटक काळातल्या अजिंठ्याच्या चित्रांत राजपुरुषांच्या कमरेला पातळ, पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रे आहेत आणि छाती बहुधा उघडीच आहे. बाह्यांचे शिवलेले कपडे दिसतात ते जास्त करून सेवक, नर्तकी आणि परदेशी पाहुणे यांच्या अंगावर. उकाड्याच्या प्रदेशात कमीत कमी आणि तलम कापड वापरणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा मार्ग होता.

धावणे हाच ज्यांचा पेशा होता अशा माणसांची ठळक नोंद चौदाव्या शतकातली आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तिथे राजधानी हलवली. १३३३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने सुलतानाच्या पायी डाकेचे वर्णन करून ठेवले आहे. एका मैलात तीन ठाणी असत. प्रत्येक ठाण्यावर कंबर कसून माणसे तयार बसलेली असत आणि डाकवाल्याच्या हातात वर तांब्याच्या घंटा बांधलेली दोन हातांची काठी असे. घंटांचा आवाज ऐकू आला की पुढचा धावक उठे, पत्र घेई आणि पुढच्या ठाण्यापर्यंत पळत सुटे. सुलतान दौलताबादेत असताना त्याच्यासाठी चाळीस दिवसांच्या वाटेवरून गंगेचे पाणीही याच पद्धतीने आणले जाई. टप्पा जेमतेम अर्धा किलोमीटरचा असल्याने कोणाही एका धावकाचे शरीर अतोनात तापण्याआधीच त्याची पाळी संपत असे. कापडाने जे पुरते साधत नाही ते इथे अंतराच्या वाटणीने साधले होते.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी गावाला औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, औरंगाबाद हे नाव मिळाले; तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. सुभ्याचे ठिकाण झाल्यावर दरबारी मंडळी आली, त्यांच्यामागून कारागीर आले आणि रेशीम व सूत एकत्र विणणाऱ्या दोन कापडांनी शहराचे नाव गाजवले. त्यातले हिमरू आज जास्त परिचयाचे आहे. त्यात सुती पायावर रेशमी धाग्यांची वेलबुट्टी काढतात. नक्षीपुरते वर येणारे जादा धागे उरलेल्या जागी कापडाच्या मागे सैल लोंबत राहतात आणि त्यांचा मऊ थर तयार होतो. हा थर ऊब धरतो. त्यामुळे शाल आणि शेरवानी यांसाठी हिमरू उत्तम ठरले, पण उन्हाळ्याच्या कामाचे ते नव्हे.

घामाच्या प्रश्नाला थेट भिडणारे कापड होते मशरू. पुरुषाने निखळ रेशीम अंगाला लावू नये असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक होता आणि दरबारात रेशमाची झळाळी तर हवी होती. विणकरांनी ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत घेतले आणि वीण सॅटिनची ठेवली. या विणीत ताण्याचा प्रत्येक रेशमी धागा बाण्याच्या चार किंवा सात सुती धाग्यांवरून जातो आणि मग एकाच धाग्याखाली बुडी मारतो. त्यामुळे वरच्या बाजूला जवळजवळ सगळे रेशीम दिसते आणि आतून त्वचेला सूत लागते. दंडक पाळला गेला, शिवाय एक व्यावहारिक फायदाही झाला. घाम प्रथम सुताने शोषला जाई, वरच्या रेशमावर डाग कमी पडत आणि चिकटणारे गुळगुळीत रेशीम अंगापासून दूर राही. अंगरखे, सुरवारी, चोळ्या आणि गाद्यांच्या खोळी यांसाठी मशरू वापरले जाई. गुजरातेत पाटण आणि मांडवी, दख्खनमध्ये औरंगाबाद आणि हैदराबाद ही त्याची नावाजलेली केंद्रे. निजाम सरकारने १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरमध्ये शहराच्या उद्योगांत हिमरू, मशरू आणि किनखाब यांचा उल्लेख येतो.

मशरूची मर्यादाही त्याच्या विणीतच होती. सॅटिनमध्ये धागे दाट बसतात, म्हणून वारा कमी खेळतो. ते दिवाणखान्यात बसणाऱ्याचे कापड होते. शेतात राबणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या आणि वाट तुडवणाऱ्या माणसांची निवड वेगळी होती. जाडेभरडे पण विरळ हातमागाचे कापड, त्याची बंडी किंवा पैरण, कमरेला धोतर, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर पंचा. बाराबंदी बंदांनी बांधली जात असल्याने हवी तेवढी सैल सोडता येई. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेला फिरायला जागा राहणे हा या सगळ्या कपड्यांचा समान गुण होता. पंचाचा उपयोगही नेमका होता. घाम तो शोषून घेई आणि पिळून दोरीवर टाकला की लगेच वाळे.

१७६३ मध्ये निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि दरबारी मागणी ओसरली. पुढे गिरणीचे स्वस्त कापड आले. १८८९ मध्ये शहरातच कापसाची सूतगिरणी आणि कापडगिरणी उभी राहिली आणि तिथे सुमारे ७०० माणसे काम करू लागली. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद रेल्वे झाल्यावर बाहेरचा मालही सहज येऊ लागला. विसाव्या शतकात रेशमाच्या जागी कृत्रिम रेशीम आले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर शेरवानीचा वापरही घटत गेला. मशरू शहरातून जवळजवळ नाहीसे झाले. हिमरूचे थोडे माग जाफर गेट परिसरात टिकले, तेही मुख्यतः शालींसाठी.

याच काळात त्वचेजवळच्या कपड्यात मोठा बदल झाला. विणलेल्या कापडाची जागा गुंफलेल्या कापडाने घेतली. गंजीफ्रॉक, म्हणजेच बनियन, ताण्याबाण्याऐवजी एकाच धाग्याच्या फासांत फास अडकवून तयार होतो. त्यामुळे तो ताणला जातो, अंगाबरोबर हलतो आणि फासांच्या मधल्या जागेतून हवा जाते. खेळाडूंच्या जर्सीचा पाया हाच. अनेक दशके ती सुतीच होती. सुताची अडचण लांब पल्ल्यावर कळते. साधारण हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा मुरवून घेते आणि घाम लागल्यावर त्याच्या कितीतरी पट पाणी धरते. कोरड्या मे महिन्यात ते भराभर वाळते आणि उलट गारवा देते. जुलैच्या दमट सकाळी मात्र ते भिजून जड होते, अंगाला चिकटते आणि काखेत व छातीवर घासून कातडी सोलवटते.

पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला. भारतात ते टेरिलीन आणि टेरीकॉट म्हणून आले. इस्त्री न मोडणारे आणि टिकाऊ म्हणून लोकांनी ते हौसेने घेतले, पण उन्हाळ्यात त्याचा शर्ट अंगात घुसमट करी. हा धागा जेमतेम ०.४ टक्के ओलावा मुरवतो आणि दाट विणीत घामाला वाट उरत नसे. दोष विणीचा आणि धाग्याच्या आकाराचा होता. १९८६ मध्ये ड्यूपाँ कंपनीने कूलमॅक्स नावाचा पॉलिएस्टर धागा आणला. त्याच्या अंगावर लांबच्या लांब खाचा होत्या. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसा घाम या खाचांतून कापडाच्या बाहेरच्या बाजूला सरकतो, तिथे पसरतो आणि वाळतो. धागा स्वतः पाणी पीत नाही, म्हणून शर्ट हलका राहतो. मशरूप्रमाणे इथेही त्वचेजवळची बाजू आणि बाहेरची बाजू यांना वेगळी कामे दिलेली असतात. मशरूत आतले सूत घाम धरून ठेवी, आताच्या दुपदरी शर्टांत आतला थर तो पुढे ढकलतो आणि बाहेरचा बारीक धाग्यांचा थर तो ओढून घेतो.

आज शहरातल्या विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि पहाटे धावणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. त्यांच्यासाठी शर्टाची निवड या सगळ्या जुन्या उपायांच्या बेरजेतून होते. तलमपणासाठी चौरस मीटरला १०० ते १४० ग्रॅम वजनाचे गुंफलेले कापड बरे. पाठ आणि काख या जागी जाळी असावी, कारण तिथे घाम जास्त येतो. माप बंडीसारखे किंचित सैल असावे, मात्र घडी पडून घासेल इतके नको. शिवण सपाट असावी. ऊन चढल्यावर धावायचे असेल तर रंग फिका घ्यावा. मे महिन्यातल्या तासाभराच्या चालण्याला पातळ सुती बनियन पुरतो. पावसाळ्यात आणि लांब पल्ल्याला खाचांच्या पॉलिएस्टरचा शर्ट हवा. या धाग्याला वास लवकर धरतो, म्हणून तो वापरल्यावर लगेच धुवावा. धुताना कापड मऊ करणारे द्रव टाळावेत, कारण त्यांचा लेप बसल्यावर घाम सरकायची वाट बुजते. आणि हवेतच ओल गच्च भरली असेल, तर कोणत्याही कापडातून घाम नीट उडत नाही. अशा दिवशी वेग आणि अंतर कमी करणे हाच उपाय उरतो.