सोन्याच्या वर्खापासून मोटारीच्या यंत्रापर्यंत

लोहचुंबकाचा जोर तारेवर पडतो, तींतील प्रवाहावर नव्हे, असें मॅक्सवेलच्या ग्रंथांत होतें. १८७९ सालीं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील एडविन हॉल या विद्यार्थ्यास तें पटेना. त्यानें सोन्याच्या वर्खांतून वीज सोडून त्यावर चुंबक धरला, आणि प्रवाहाच्या आडव्या दिशेस अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न झाला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो पुढें १८९७ मध्यें!

आज तेंच तत्त्व अनेक मोटारींत राबत आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून पिस्टन वर आला तो वायु दाबण्यासाठीं कीं धूर टाकण्यासाठीं, हें कॅमशाफ्टवरूनच कळतें. त्यावरील दांता सेन्सरजवळून गेला, कीं चुंबकक्षेत्र बदलतें व संगणकास इशारा मिळतो. इशारा चुकला, कीं गाडी सुरू होतांना अडून बसते.

मग सेन्सर तडकाफडकी बदलला जातो. दोष मात्र कधीं कधीं तुटक्या तारेंत किंवा तेलानें माखलेल्या जोडणींत निघतो. तेव्हां आधीं तारा व जोडणी तपासावी, विद्युद्दाब मोजावा, मगच नवा सेन्सर बसवावा. हॉलनेंहि ग्रंथावर विसंबण्यापूर्वीं स्वतः तपासूनच पाहिलें होतें.