कारागिराचे नाव : कार्ल्यापासून केळकर संग्रहालयापर्यंत

लोककलेच्या वस्तूंचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर समया, अडकित्ते, पैठण्या आणि कोरीव चौकटी येतात. त्या घडवणारी माणसे येत नाहीत. त्यात काही चुकते आहे असेही आपल्याला वाटत नाही. भारतीय कारागीर अनाम असतो, किंबहुना अनाम राहणे हाच त्याचा स्वभाव आहे, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. मावळातील लेणी या समजुतीला छेद देतात.

लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे आकाराला आले. त्याच्या छताच्या लाकडी कमानी अजूनही जागेवर आहेत. खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, स्वतःला यवन म्हणवणारे दाते आहेत, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. आणि याच मंडळींत धेनुकाकटचा एक सुतारही आहे : वेणुवासाचा पुत्र सामी. दर्शनी द्वाराचे काम त्याने केले, एवढीच त्याची नोंद. परंतु श्रेष्ठीचे नाव ज्या दगडावर कोरले गेले, त्याच दगडावर सुताराचेही कोरले गेले. तेही पित्याच्या नावासह आणि गावासह. जवळच्या भाजे लेण्यात तर छताच्या लाकडी कमानींवरच ब्राह्मी अक्षरे आढळली आहेत. तेव्हा कारागिराला नाव नव्हते, असे म्हणता येत नाही. ते पुढे केव्हातरी लिहायचे राहून गेले.

वस्तू पद्धतशीरपणे गोळा करण्याचा आधुनिक उद्योग आपल्याकडे आला तो निराळ्या हेतूने. लंडनच्या इंडिया म्युझियममधील जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड सिद्ध केले. लुगडी, पागोटी, धोतरे कापून त्यांचे तुकडे पानांवर चिकटवले गेले. अशा वीस संचांपैकी तेरा ब्रिटनमध्ये राहिले आणि सात भारतात आले. भारतीय गिऱ्हाइकाला कोणता काठ, कोणता रंग आणि किती लांबी लागते हे तिथल्या गिरणीवाल्यांना कळावे, हा त्यामागचा उघड उद्देश होता. त्यासाठी कापडाची लांबी, रुंदी, वजन आणि ठिकाण ठाऊक असले की पुरे. विणकराचे नाव कोणाला हवे होते? त्याआधी तीनच वर्षे, १८६३ मध्ये, बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण होऊन मुंबई आणि पुणे अखंड जोडले गेले होते. बंदरात उतरलेले गिरणीचे कापड मावळ ओलांडून देशावर पोहोचायला आता वाट मोकळी होती. ज्या ज्ञानसंग्रहाने कापड जपले, त्यानेच ते विणणाऱ्या मागावर संकट आणायला हातभार लावला.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा संग्रह याच्या नेमका उलट्या टोकाला उभा आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला आरंभ केला. त्यामागे व्यापार नव्हता, राजसत्ता नव्हती. होती ती केवळ ओढ. त्यांची दृष्टी तख्ताकडे आणि तलवारीकडे जितकी गेली, त्याहून अधिक स्वयंपाकघराकडे, देवघराकडे आणि माजघराकडे गेली. दिवे, कुलपे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, अडकित्ते या वस्तूंनाही इतिहास असतो, हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. १९६० पर्यंत संग्रह पंधरा हजार वस्तूंच्या घरात गेला. आज तो वीस हजारांवर आहे आणि त्यातील सुमारे अडीच हजार वस्तूच प्रत्यक्ष मांडलेल्या असतात. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. एक नाव पुसले जाऊ नये ही धडपड त्या वास्तूच्या मुळाशीच आहे.

केळकर कविता लिहीत त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने. त्यांनी जमवलेल्या वस्तूंच्या कर्त्यांनाही हेच नाव शोभले असते. यात दोष संग्राहकाचा नव्हे. वस्तू त्याच्यापर्यंत येते तोवर ती वारसांच्या, जुन्या बाजाराच्या, दलालाच्या हातांतून फिरलेली असते, आणि प्रत्येक हातबदलात तिची थोडी माहिती गळून पडते. मग संग्रहालयातल्या पट्टीवर उरते ते बहुधा द्रव्य, प्रदेश आणि शतक.

मावळच्या घरांतली गोधडी, अर्थात वाकळ, तर या पट्टीपर्यंतही क्वचितच पोहोचते. विरलेली लुगडी आणि धोतरे थरावर थर अंथरायची, वर निवडक तुकडे लावायचे आणि धावदोऱ्याने सारे एकत्र बांधायचे. घाटमाथ्याच्या पावसाळी गारठ्यात ती पांघरली जाते, धुतली जाते, फाटली की नव्या गोधडीच्या पोटात जाते. तीही वॉटसनच्या खंडांसारखी कापडाच्या तुकड्यांचीच वही आहे. फरक इतकाच की इथला प्रत्येक तुकडा कोणीतरी नेसलेला आहे. कोणता काठ आजीच्या लुगड्याचा आणि कोणता आत्याच्या, हे शिवणारी सांगू शकते. ती गेली की ते ज्ञान जाते, आणि गोधडी नुसतीच ‘पारंपरिक’ होते.

आज वाडे उतरवले जात आहेत. त्यांचे खांब आणि चौकटी दूरच्या दिवाणखान्यांत सजत आहेत. गोधडीलाही आता शहरी गिऱ्हाईक मिळाले आहे. वस्तू टिकते आहे हे खरेच, आणि नष्ट होण्यापेक्षा ते बरेच. परंतु शिवणाऱ्या, कातणाऱ्या, घडवणाऱ्या पुष्कळ व्यक्ती अद्याप हयात आहेत; त्यांना विचारणे शक्य आहे. वस्तू उचलताना कोणी केली, कुठे, कोणासाठी, कशातून, आणि किती दिवस लागले, एवढे पाच प्रश्न विचारून उत्तरे वस्तूसोबत ठेवली, तरी घरगुती संग्रहालाही इतिहासाचे मोल येईल. सामी सुताराच्या बाबतीत एवढीशी तसदी कोणीतरी घेतली होती. त्याला तर छिन्नीने दगड फोडावा लागला. आपल्याला कागद आणि लेखणी पुरेल.