फंक्शन पॉइंटर: लॅपटॉपवर चालणारा कर्नल कोड दुसऱ्या प्रोसेसरवर का पडतो?

आमच्या धुळ्यात ‘गल्ली नंबर पाच’ म्हटलं की रिक्षावाल्याला पत्ता कळतो. जळगावात तो विचारतो, “कोणती पेठ?” पत्ता दोन्हीकडे असतो, फक्त सांगायची पद्धत वेगळी. प्रोसेसरचंही तसंच आहे, आणि हे मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये ठेच लागून शिकलो.

फंक्शन पॉइंटर म्हणजे काय?

सी भाषेत एखादं फंक्शन मेमरीत कुठे आहे हे लक्षात ठेवणारं व्हेरिएबल म्हणजे फंक्शन पॉइंटर. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेला लिनक्स कर्नल अशा पॉइंटरांनी भरलेला आहे. ॲपने फाइल वाचायला मागितली, की कर्नल ‘फाइल ऑपरेशन्स’ या स्ट्रक्चरमध्ये ‘रीड’चा पॉइंटर बघतो आणि ते फंक्शन कॉल करतो. समोर कोणता ड्रायव्हर आहे, हे त्याला आधी माहीत असावं लागत नाही.

माझी चूक

जळगावला शिकताना आम्ही केळीच्या बागेतले ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा ड्रायव्हर लिहिला. माझ्या लॅपटॉपवर फंक्शनचे पत्ते १६ ने भाग जाणारे होते, म्हणजे शेवटचा बिट कायम ०. मी शहाणपणा करून तो बिट ‘काम आत्ता की नंतर’ अशी खूण म्हणून वापरला आणि कॉल करण्याआधी पुसून टाकला. लॅपटॉपवर सगळं नीट चाललं. बागेतल्या ३२-बिट आर्म बोर्डवर मात्र पहिला व्हॉल्व्ह उघडायच्या आतच कर्नल कोसळला. बाग ज्यांची होती त्या काकांनी दोन ओळी आमच्या भरवशावर सोडल्या होत्या. ऐन मे महिन्यात त्या कोरड्या राहिल्या.

कारण साधं होतं. ३२-बिट आर्मवर आर्म आणि थंब असे दोन सूचनासंच असतात. पॉइंटरचा शेवटचा बिट १ असेल तर प्रोसेसर पुढचा कोड थंब म्हणून वाचतो, ० असेल तर आर्म म्हणून. बोर्डचा कर्नल थंबमध्ये कंपाइल केलेला होता. मी बिट पुसला आणि प्रोसेसर थंब कोड आर्म समजून वाचायला लागला.

इतर ठिकाणी काय होतं?

इंटेलच्या इटॅनियमवर आणि ६४-बिट पॉवरच्या जुन्या लिनक्स पद्धतीत पॉइंटर थेट कोडकडे जातच नाही. तो एका छोट्या नोंदीकडे जातो, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. कोडचा खरा पत्ता आणि त्या कोडचा डेटा शोधायचा आधार, दोन्ही त्या नोंदीत असतात. पॉइंटरलाच कोडचा पत्ता समजून तिथले बाइट वाचले, तर हाती सूचना येत नाहीत, ही नोंद येते.

लक्षात ठेवायचे नियम

१. पॉइंटर ‘इंट’मध्ये साठवू नका. ६४-बिट मशीनवर पत्ता अर्धा कापला जातो. लिनक्स कर्नलमध्ये आकडा म्हणून ठेवायचाच असेल तर ‘अनसाइन्ड लाँग’ वापरा.

२. फंक्शन पॉइंटरच्या बिटमध्ये स्वतःची खूण लपवू नका. खुणेसाठी वेगळं व्हेरिएबल ठेवा.

३. एका प्रकारचं फंक्शन कास्ट करून दुसऱ्या प्रकारच्या पॉइंटरमधून कॉल करू नका. काही प्रोसेसरवर ते निभावून जातं, पण सी भाषा त्याची हमी देत नाही. शिवाय २०१८ च्या पिक्सेल ३ पासून अँड्रॉइड कर्नलमध्ये सीएफआय नावाची तपासणी आली. प्रकार जुळला नाही तर ती कॉल तिथेच अडवते.

४. ज्या प्रोसेसरवर कोड चालणार आहे, त्याच्यावरच तो तपासा.

आम्ही खूण वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली. बदल जेमतेम चार ओळींचा होता. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला, पण त्याआधी काकांनी त्या दोन ओळींना बादलीने पाणी घातलं होतं.