पडण्याचं निमित्त

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. "आई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडलाय. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, पण ८६ वर्षं वय... आता कशाला कापाकापी?"

आमच्याकडे खुबा म्हटलं की सगळ्यांना पणजी आठवते. तिच्या पायाला वजन म्हणून विटा बांधल्या होत्या म्हणे. पाठीला जखमा झाल्या, मग न्यूमोनिया. तीन महिन्यांत गेली. लोक म्हणाले, पडण्याचं निमित्त झालं.

फोन ठेवला आणि वाचत बसलो.

१८२२ साली लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने लिहून ठेवलं होतं की सांध्याच्या आवरणाच्या आत हाड मोडलं, तर ते सहसा जुळत नाही. वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला महिनोन् महिने झोपवू नका, दुखणं उतरलं की खुर्चीत बसवा, कुबड्या द्या, असं तो सांगायचा. पाय लंगडा राहील, पण माणूस राहील! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या व्हिटमनने हाड जुळवण्यासाठी थेट छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालायला सुरुवात केली. हाडं काहींची जुळली, पण म्हातारं शरीर त्यात कसं टिकणार?

मग १९२५ साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने तीन पात्यांचा खिळा ठोकला. त्या पात्यांमुळे गोळा फिरत नसे. १९३२ मध्ये स्वीडनच्या योहान्सनने तोच खिळा पोकळ केला. आधी तार घालायची, एक्स-रे बघायचा आणि खिळा तारेवरून सरकवायचा. त्यामुळे सांधा उघडावा लागेना. तरी बरेच गोळे मरतच. म्हणून १९५० च्या दशकात मूर आणि थॉम्पसन यांनी गोळाच काढून धातूचा बसवला. आपल्याकडे 'बॉल बदलला' म्हणतात, तो हाच.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या डेव्हासने हाडांचे आणि वृद्धांचे डॉक्टर एकत्र आणले. हाड हे साधन, रुग्णाला उभं करणं हे काम.

ऑपरेशन म्हणजे जादू नव्हे. २०२० साली भारतासह १७ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर ऑपरेशन करूनही मृत्यू फारसे घटले नाहीत. ९० दिवसांत ९ टक्के गेले, नेहमीच्या वेळेला केलेल्यांत १०. पण भ्रम कमी झाला आणि माणसं लवकर उभी राहिली.

मामाला एवढंच म्हणालो, "पणजी पडल्यामुळे नाही गेली रे, पडून राहिल्यामुळे गेली."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सही करतो."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या दिवशी आजी वॉकर धरून चार पावलं चालली, मामावर डाफरत. अजून वॉकर सुटलेला नाही, कदाचित सुटणारही नाही. पण काल फोनवर विचारत होती, न्हाणीघरातली ती गुळगुळीत फरशी बदलली का म्हणून.

बदलली, आजी. तीस वर्षं उशीर झाला, पण बदलली.