अंगावर जातं म्हणजे काय जातं?

'पाळी' हा शब्द रक्ताचा नाही, वेळेचा आहे. रात्रपाळी, पाण्याची पाळी, पाळीपाळीने. संस्कृत 'पालि' म्हणजे ओळ किंवा कड. कानाची पाळीही तिथलीच. 'ऋतू' आणि त्यावरून झालेला 'आर्तव' हेही कालवाचकच. म्हणून पाळी 'येते', 'लांबते', 'चुकते', आणि चुकली की घरच्यांच्या मनात एकच शंका येते. पण चौदा-पंधराच्या मुलीची पाळी इतकी वक्तशीर नसतेच. पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर डॉक्टर चालवून घेतात. ९० दिवस उलटले, किंवा पंधरावं सरलं तरी न्हाणच आलं नाही, तर मात्र तपासायला हवं.

बाकीचे बहुतेक शब्द आडपडद्याचे. न्हाण म्हणजे स्नान. नाव पडलं ते नंतरच्या आंघोळीवरून. 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला'. पोरांनी आईजवळ जाऊ नये म्हणून आळ बिचाऱ्या कावळ्यावर! 'विटाळ' मात्र काही लपवत नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात अपभ्रंश भाषेतला 'विट्टाल' नोंदवला, तो 'अस्पृश्याचा संसर्ग' या अर्थाने. बाईचं रक्त आणि माणसाची जात, दोन्हींना आपल्याला एकच शब्द पुरला.

दवाखान्यात उपयोगी पडतो तो 'अंगावर जाणं' हा प्रयोग. त्यात लाज कमी आणि माहिती जास्त, तरी अर्धवटच. "अंगावरून जातंय" म्हटलं की डॉक्टरबाईंचा पुढचा प्रश्न ठरलेला: "लाल की पांढरं?" आयुर्वेदातल्या 'प्रदर'लाही हीच फोड करावी लागली, रक्तप्रदर आणि श्वेतप्रदर.

लाल असेल तर "खूप जातं का?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी. मुलगी म्हणणार, "नेहमीसारखंच." दुसऱ्या कुणाची पाळी तिने कुठे पाहिलेली असते? तिला मापाचं विचारावं. पॅड तासा-दोन तासांनी बदलावं लागतं का? सात दिवसांच्या वर चालते का? मोठाल्या गाठी पडतात का? आणि मग, पाळीशी काही संबंध नसल्यासारखं, घोळणा वरचेवर फुटतो का, दात काढला तेव्हा रक्त थांबायला वेळ लागला का, हेही. कारण दोष गर्भाशयात नसून रक्त गोठण्यातही असू शकतो. एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडमधल्या डॉक्टरांनी १९२६ साली आलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला असा आजार प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातली त्यांनी तपासलेली मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्तस्रावाने गेली. आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वेळीच कळला तर औषधांनी आवरतो. पहिल्या पाळीपासूनच धो धो जाणाऱ्या मुलीत तो शोधायला हवा.

पांढऱ्याला 'धुपणी' असंही नाव आहे. माझ्या कानाला त्यात जमिनीची धूप ऐकू येते: हाडं झिजतात, अंगातली ताकद वाहून जाते ही जुनी भीती. प्रत्यक्षात दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखा पातळ स्राव येणं हे बीज तयार होत असल्याचं लक्षण. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखी साय असेल तर जंतूंचा वा बुरशीचा संसर्ग समजावा. भीती आहे म्हणून तपासणी होते असंही नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

कॉलेजच्या मुली आता 'धुपणी' म्हणत नाहीत, 'मला पीसीओडी आहे' म्हणतात. हा शब्द बिनदिक्कत चारचौघांत बोलला जातो हे चांगलंच, पण तो मूळचाच फसवा. ग्रीकमध्ये 'किस्टिस' म्हणजे पिशवी. त्यावरून 'सिस्ट' (पीसीओडीतला 'पीसी' म्हणजे 'पॉलिसिस्टिक'), आणि मराठी बातम्यांत त्याच्या झाल्या 'गाठी'. गाठ म्हटल्यावर आजी थेट कॅन्सरपर्यंत पोचते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरून हा विकार मांडला, तेव्हापासून या पिशव्यांनी सगळ्यांचं लक्ष वेधलं. खरं तर त्या पूर्ण न वाढलेल्या बीजकोषिका. निरोगी मुलींच्या अंडाशयातही त्या भरपूर दिसतात. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत हे निदान सोनोग्राफीवरून करू नये असं आता सांगितलं जातं. या वयात निदानाला अनियमित पाळी हवी, आणि जोडीला हनुवटीवरचे राठ केस, न हटणारी पुटकुळ्यांची रांग किंवा रक्तात वाढलेलं पुरुषी संप्रेरक. थायरॉईडचा किंवा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा बिघाड नाही ना, हेही आधी पाहावं लागतं. हे नाव बदला, अशी शिफारस अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका समितीने २०१२ सालीच केली होती. आपल्याकडच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टांवर मात्र ते अजूनही ठळक अक्षरांत छापून येतं.